बसच्या नाकावरची खार

माझ्या भावोजींना बसगाड्या रंगवण्यापलीकडे काही येत नाही, आणि तेही ते कबूल करत नाहीत. "रंग मारणारे पुष्कळ आहेत, मेहुणीबाई," म्हणायचे, "मी गाडीला कपडे घालतो." त्याच गॅरेजात मी सीटची कव्हरं शिवते, त्यामुळे असली वाक्यं मला फुकटात ऐकायला मिळतात. शाळेच्या बसचा पिवळा कोणी घाईघाईत फासलेला दिसला की त्यांचं डोकं फिरतं. कडेची काळी रेघ ते पट्टी न लावता, श्वास रोखून, एका दमात ओढतात. मग चार पावलं मागे जाऊन तिच्याकडे असं बघत राहतात, की बायकोकडे तरी कधी असं बघितलं असेल का, मला शंका आहे. हे मी बायकोसमोरच बोलून दाखवलं होतं. त्यांची बायको म्हणजे माझी ताई. ती तेव्हा हसायची.

खारू त्यांची मुलगी. खरं नाव वेगळं होतं, ते शाळेच्या हजेरीपुरतं. खाली पडलेलं काहीही दिसलं की ही वाकलीच म्हणून समजा. बाटलीचं झाकण, कसलीशी बी, तुटकं खोडरबर, सगळं खिशात. माझ्या मशीनखालची बटणं तर तिची हक्काचीच. कपडे धुताना ताई एकेक खिसा उलटा करायची आणि ओरडायची, "काय गं खारू, हिवाळ्याची बेगमी चाललीय का?" तेच नाव पडलं.

एका दुपारी ती शाळेच्या बसमधून उतरली आणि बसच्या पुढून रस्ता ओलांडायला निघाली. वाटेत तिला काहीतरी पडलेलं दिसलं. ती वाकली. या जुन्या घाटणीच्या बसगाड्यांना पुढे लांब नाक असतं. वर बसलेल्या ड्रायव्हरला लांबचा रस्ता दिसतो, पण नाकाच्या अगदी पुढ्यात एखादं पोर असलं तर दिसत नाही. त्याने दार लावलं, बाजूच्या आरशात बघितलं आणि गाडी सोडली. माणूस वाईट नव्हता. पुन्हा त्याने गाडी हातात धरली नाही. याच्यापुढचं मी सांगणार नाही.

भावोजींनी मात्र त्यानंतर एकच ध्यास घेतला. नाकावर दांड्याने एक फुगीर गोल आरसा बसवला तर पुढ्यातलं सगळं दिसतं. आणि मुलांबरोबर खाली उतरायला एक मदतनीस असला, तर मूल रस्त्यापार झाल्याशिवाय गाडी हलत नाही. बस, एवढंच. एवढ्यासाठी कायदा करा म्हणून त्यांनी जिवाचं रान केलं. रंगाने भरलेल्या हातांनी ते कुठल्या कुठल्या कचेऱ्यांची दारं ठोठावत होते, देव जाणे.

शेवटी आमच्या भागातून निवडून आलेल्या बाई घरी आल्या. खरोखर रडल्या हो, नाटक नव्हतं ते. ताईने बोलता बोलता नाव घेतलं, तशा त्या थांबल्या. "खारू? किती गोड! कायद्याला हेच नाव देऊ या. लेकराचं नाव असलं की सभागृहात विरोध करायला कोणी धजणार नाही."

"नको," ताई म्हणाली. "ते घरातलं नाव आहे. मी तिला हाक मारते त्याने."

भावोजींनी ताईकडे बघितलं, बाईंकडे बघितलं आणि म्हणाले, "आरसा होत असेल तर घ्या."

ताई उठून आत गेली.

पुढचं काय सांगायचं? कायद्याचा मसुदा समितीपुढे गेला. बसमालकांनी आरडाओरडा केला, तसा मदतनीस गेला. मग आरशाचा अजून अभ्यास व्हायला हवा असं ठरलं, आणि आरसा गेला. आम्हाला कोणी ताकास तूर लागू दिली नाही. मंजुरीच्या दिवशी आम्हाला गॅलरीत बसवलं. 'खारू कायदा' असं मोठ्याने वाचलं गेलं, सगळे पक्ष झाडून उभे राहिले, एकही मत विरोधात नाही! केवढ्या टाळ्या! भावोजींनीही वाजवल्या. त्यांना वाटलं, आरसा झाला.

बाहेर जिन्यात त्यांनी बाईंना विचारलं, "आरशाचं कलम कितवं?"

बाईंनी त्यांचा हात हातात घेतला. "ही सुरुवात आहे. सध्या प्रत्येक शाळेच्या बसवर खारीचं चित्र असेल. पुढे आणि मागे. चालकांना आठवण राहील."

"कसली आठवण? दिसायला नको का?"

"आरसा ठेवला असता तर काहीच मंजूर झालं नसतं, दादा."

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "मग काहीच झालं नसतं तर बरं होतं! मागायला जागा तरी राहिली असती." आणि झालंही तसंच. पुढे कुठेही गेलं की एकच उत्तर, अहो, तुमचा कायदा झाला ना? तोंडाला पानं पुसली ती पुसली, वर आम्हीच हावरट.

आणि ती खार काढायची कोणी? पंचक्रोशीतल्या शाळेच्या बसगाड्या रंगवायला येतात आमच्याच गॅरेजात. मालक भला माणूस, म्हणाला दुसऱ्या कोणाला देतो. भावोजी ऐकेनात. "दुसरा कोणी तिचं शेपूट वाकडं काढेल," म्हणाले. त्यांनी खार काढली ती खाली वाकलेली, पुढच्या पायांत बटण धरलेली. सरकारी नमुन्यात अक्रोड होता. तेवढा फरक कोणाच्या लक्षात आला नाही.

ताईने ती खार कधी बघितली नाही. गॅरेजात येणं तिने केव्हाच सोडलं होतं. रस्त्यात पिवळी बस दिसली की ती तोंड फिरवायची. गल्लीतली पोरं "खारूची गाडी आली" म्हणत धावायची, त्यांचा काय दोष? पण घरात ते नाव ताईच्या तोंडून पुन्हा आलं नाही. फोटोशी बोलतानासुद्धा ती हजेरीतलं नाव घ्यायची. भावोजी ते ऐकायचे आणि ताटावरून उठायचे.

मग भावोजींनी स्वतःच सुरू केलं. खार काढायला आलेल्या प्रत्येक बसच्या नाकावर ते गोल आरसा बसवून देऊ लागले. बसमालकही नाही म्हणाले नाहीत. भावोजी पुन्हा शीळ घालायला लागले, मला चहासाठी हाका मारायला लागले. मला वाटलं, चला, मार्गी लागलं.

वार्षिक तपासणी आली आणि सगळे आरसे उतरले.

भावोजी डोक्यात राख घालून तपासणीच्या आवारात गेले. मी मागोमाग. तपासनीस बिचारा घाम पुसत म्हणाला, "काका, मला कळतंय हो. पण आरशाचा दांडा बरोब्बर चित्राच्या पुढे येतो. चित्र पूर्ण दिसलं पाहिजे, त्याच्यापुढे काही लावायचं नाही, असं कायद्यात आहे. आरसा लावा असं कुठे आहे? दाखवा, मी आत्ता लावतो."

"मग चित्र काढून टाका."

"खारू कायद्यातलं?" त्याने जीभ चावली. "कसं काढू?"

बाईंकडे गेलो. त्या थकलेल्या दिसत होत्या. म्हणाल्या, दुरुस्ती आणता येईल, पण पाठिंबा कोण देणार? लेकराच्या आठवणीला हात लावला, असं लोक म्हणतील.

परत येताना भावोजी एवढंच म्हणाले, "ती नको म्हणाली होती. मी दिलं." मग स्टॉपवर उभ्या उभ्या रडले. त्यांच्या जागी मीही दिलंच असतं.

परवा एक बस आली. पुढची खार खरवडली गेली आहे, तेवढी नीट करून द्या, असं बसमालकाने ड्रायव्हरजवळ सांगून पाठवलं होतं. भावोजी उकिडवे बसून बघत होते. खारीच्या पाठीवरून आडवे ओरखडे गेले होते. बाजूला आरशाच्या दांड्याची भोकं होती, पुट्टी भरून बुजवलेली.

"काय लागलं हे?" त्यांनी विचारलं.

ड्रायव्हर दुसरीकडे बघायला लागला. "दप्तराचं बक्कल. पोरगा मध्ये आला. पाय मोडलाय, बाकी वाचला."

भावोजींनी रंग खरडायची पट्टी घेतली आणि ते खार खरडायला लागले. शेपूट, पाठ, बटण, सगळं. गॅरेजचा मालक ओरडत आला, "अरे, काय करतोस? गाडी अडकेल! दंड होईल!"

"माझी मुलगी आहे," भावोजी म्हणाले. "मी पुसतो."

मालक तिथेच थांबला. मी पळत घरी गेले आणि ताईला जसं झालं तसं सांगितलं. ती आली. पदर खोचलेला, हात ओलेच. तोवर खारीच्या जागी उघडा पत्रा होता आणि भावोजी आरशाचा शेवटचा नट आवळत होते. पुढच्या तपासणीला ही गाडी अडकणार, हे सगळ्यांना माहीत होतं.

ताई कोणाशी न बोलता बसमध्ये चढली आणि ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसली. खिडकीतून मला म्हणाली, "तू पुढे जा. वाक."

मी बसच्या नाकासमोर गेले आणि गुडघ्यात वाकले. फरशीवर माझंच एक बटण पडलं होतं. उगाच त्याच्यावर हात ठेवला.

"ताई, दिसते का गं मी?"

"दिसतेस," ती म्हणाली. मग तिचा आवाज चढला. "ऊठ. ऊठ गं तिथून! खारू, ऊठ!"

मी चटकन उठून बाजूला झाले, पण ती ओरडायची थांबेना.