नऊ भांडी

तिरोड्याजवळच्या त्या वस्तीत मी चित्रकलेची बाई म्हणून गेले, ती सगळ्यांना शहाणं करायच्या थाटात. ‘देणं-घेणं’ या विषयावर वस्तीतल्या बायकांकडून काहीतरी करून घ्यायचं होतं. मी डोकं लढवलं. प्रत्येकीने आपल्याकडे राहिलेलं दुसऱ्या घरचं भांडं आणायचं, वस्तीतल्या बुद्धविहाराच्या भिंतीवर टांगायचं आणि त्यातून काय आलं होतं ते भोवती रंगवायचं. स्टीलच्या भांड्यांवर नाव कोरलेलं असतंच, त्यामुळे कुणाचं कुणाकडे हे आपोआप दिसणार होतं. तेव्हा मी स्वतःवर भारी खूश होते.

बायका कां-कूं करत होत्या. मला वाटलं, लाजतात. मी एकेकीच्या मागे लागून भांडी काढायला लावली. दुपारपर्यंत चौदा टांगली गेली आणि त्यांतल्या नऊ भांड्यांवर एकच नाव निघालं. ते कोपऱ्यातल्या घरात एकटी राहणाऱ्या, भाताच्या रोवणीच्या मजुरीला जाणाऱ्या म्हातारीचं. ती लाखोरीच्या डाळीचं वरण रोज जरा जास्तच लावायची आणि जिथे चूल पेटली नसेल तिथे वाटी नेऊन द्यायची. मी कौतुकाने ते नाव नऊ वेळा मोठ्याने वाचलं. टाळ्या मी एकटीनेच वाजवल्या.

आलेलं भांडं रिकामं परत करत नाहीत. चिमूटभर साखर तरी घालतात. माझी आईसुद्धा हेच पाळायची, मला हे कळायला हवं होतं. ज्यांच्याकडे तेवढंही नव्हतं त्यांनी भांडी फळीवर मागे सारून ठेवली होती, आणि म्हातारीने कधी मागितली नव्हती. हे झाकलेलं सगळं मी चव्हाट्यावर आणलं.

दोन दिवसांत भिंतीवरची नऊही भांडी उतरली. कुठून कुठून तांदूळ, साखर आणून, भरून, बायकांनी ती म्हातारीला परत केली. त्यानंतर तिची वाटी कोणी घेईना. समोरच्या घरातली सून सातव्या महिन्याची होती, नवरा कामाच्या शोधात बाहेर गेलेला. तीही घेईना.

पुढच्या आठवड्यात गेले तर म्हातारी भरली वाटी घेऊन ओट्यावर बसलेली.

“भांडे घरी आले,” ती म्हणाली. “आता माह्या हातचं कोनी खाऊन नाही राहिलं. तुमी काऊन टांगले, मॅडम?”

मी माफी मागितली. ती म्हणाली, राहू द्या. ते ‘राहू द्या’ मला जास्त लागलं. मग तिच्या हातातली वाटी घेऊन मीच समोर गेले.

सून दारात आली. वाटीकडे न बघता म्हणाली, “जेवलो जी आमी.”

तिच्या मागे चूल दिसत होती. सारवून कोरडी झालेली, आत राखेचा कणही नाही. मी वरणाची वाटी तशीच भरलेली घेऊन माघारी आले.