बिनआलूची पंगत

आमची आत्या भाजी विकत घेत नसे, भाजीची उलटतपासणी घेत असे. वडनेरच्या बाजारात ती नवलकोलांच्या ढिगासमोर बसली की भाजीवाला आपोआप गप्प व्हायचा. एकेक गड्डा उचलायचा, अंगठ्याचं नख सालीत हळूच रुतवायचं आणि निकाल द्यायचा, "हे म्हातारं हाय. शिजलं तं दशाच दशा निंघतीन." भाजीवाल्यानं "आत्या, कालच तोडलं" म्हणायचा अवकाश, ही म्हणे, "तोडलं काल, पण तोडाले पाह्यजे होतं कधी, ते सांग." नात्यानं ती माझ्या एकटीची आत्या, पण तो भाजीवालाच काय, सगळं गावच तिला आत्या म्हणायचं.

बुलढाण्याला मुलींच्या एका वसतिगृहात तिनं उभं आयुष्य स्वयंपाक केला आणि निवृत्त झाल्यावर वडनेर भोलजीला, माझ्या बाबांच्या शेजारच्या खोलीत येऊन राहिली. चार माणसांचा स्वयंपाक तिला कधी जमलाच नाही. चौघांची भाजी पंधरा जणांना पुरेल एवढी होई, आणि मग ती वाटत गल्लीभर फिरे. पण मोठा गंज चुलीवर चढला की तिचा हात अचूक चाले. चव घेऊन पाहणं तिला कमीपणाचं वाटे. पातेल्यावरचं झाकण उचलून वाफ हुंगायची आणि सांगायचं, "मीठ नाई पडलं." आणि खरंच पडलेलं नसे.

दर हिवाळ्यात आमच्या विहाराच्या वर्धापनदिनाला पंगत असते. ती सुरू केली बाबांनी. तेव्हा ते शाळामास्तर होते आणि चार मित्रांना घेऊन घरोघर ज्वारी-डाळ गोळा करत हिंडले होते. एक गंज, एक पंगत, सगळ्यांना एकच भाजी, हा त्यांचा नियम. भाजी अर्थातच आलू-वांग्याची. मग बाबांना शुगर निघाली, पायाच्या अंगठ्याची जखम भरता भरेना, आणि डॉक्टरांनी आलू बंद केले. दोन वर्षं ते मांडवाच्या कडेला खुर्चीवर बसून घरचा डबा खात होते. तिसऱ्या वर्षी "मले बरं वाटून नाई राह्यलं" म्हणून आलेच नाहीत. मला ते खरं वाटलं. आत्याला वाटलं नाही.

पुढच्या पंगतीची बैठक भरली तेव्हा ती न बोलावता जाऊन बसली. "यंदा भाजीत आलू नाई," म्हणाली. अध्यक्ष स्वभावानं मऊ, त्यांनी तोडगा काढला, "आत्या, शुगरवाल्यायसाठी एक छोटा गंज बाजूले ठेवू."

आत्या म्हणाली, "आपल्या बापजाद्यायले लोकायनं बाजूले बसवलं. आता आपल्या माणसायले आपणच बाजूले वाढाचं काय? मी दोन गंज नाई रांधत." एकानं चाचरत विचारलं, "पण पोट्टे जेवतीन काय?" "त्यायचं मी पाहीन," आत्या म्हणाली आणि उठली.

मी बुलढाण्याला नोकरीला. शनिवारी गावी आले की तिच्या प्रयोगांचं पहिलं ताट माझ्यासमोर येई. आलूबद्दल तिचं म्हणणं साधं होतं. "आलू करते काय? रस्सा पेते, दाताखाली येते अन् भाजी दाट करते. तीन कामं हायेत. तीन कामाले माणसं शोधू." हे शोधकार्य सोपं नव्हतं. दुधी रश्श्यात असा विरघळला की ती म्हणाली, "लौकी आंघोळीले गेली, आलीच नाई." मुळ्याच्या वासानं शेजारचे विचारपूस करायला आले. कच्ची पपई दिसायला हुबेहूब, पण रश्श्यातून तोंड काढून गोड बोलायला लागली. शेवटी नवलकोल टिकला. हळद-मिठाच्या पाण्यात अर्धा शिजवून लोखंडी कढईत कडा लाल होईपर्यंत परतलेला. दाटपणासाठी फुलकोबीचे, लोक फेकून देतात ते दांडे उकडून वाटले, त्यात भाजलेल्या जवसाचं कूट. मी इतका नवलकोल खाल्ला की ऑफिसातल्या डब्यातही तोच दिसायला लागला.

"गुपचूप घाल ना, कोणाले कळणार हाय?" मी एकदा म्हटलं. ती रागावली. "फसवून जेवू घालणं म्हणजे माणसाले येडं समजणं." आणि मग आवाज उतरवून म्हणाली, "बिघडली ना ही भाजी, तं दादा पुन्हा पंगतीत येत नाई. मले मालूम हाय."

पंगतीच्या दिवशी सकाळी पोरांनी बाजारातून आणलेल्या नवलकोलांपैकी निम्मे तिनं नख लावून बाद केले. मग फुलकोबी वाढवली, वांगी वाढवली आणि दहा बायकांना दहा विळ्यांवर बसवलं. वंदना झाली, लोक ओळीनं बसले, तेव्हा तिनं माईक मागून घेतला. "आजच्या भाजीत आलू नाई. ज्याले आलूच लागते त्यानं घरी जाऊन खावं अन् वापस येऊन पंगतीत बसावं." हशा पिकला. उठलं कोणीच नाही. मग ती मला म्हणाली, "जा, दादाले सांग, तो बसल्याबिगर वाढणं सुरू नाई होत."

शे-दोनशे माणसं रिकाम्या ताटांसमोर थांबली आहेत म्हटल्यावर बाबांना यावंच लागलं. सवयीनं हातात डबा होताच. आत्यानं तो काढून घेतला, उघडला आणि त्यातली कारल्याची भाजी शेजारी बसलेल्या अध्यक्षांना वाढून टाकली. त्या बिचाऱ्यांनी ती मुकाट्यानं खाल्लीही. बाबा मांडी घालून बसले. आत्यानं स्वतः त्यांना भाजी वाढली आणि पळी हातात धरून समोर उभी राहिली. सगळ्या आयुष्यात तिला एवढं घाबरलेलं मी पाहिलं नव्हतं.

बाबांनी दोन घास खाल्ले, तिसरा खाल्ला. "मीठ कमी हाय," म्हणाले.

"बीपी कोणाले हाय?" आत्या म्हणाली आणि त्यांनी न मागताच दुसऱ्यांदा वाढलं. मग पदरानं तोंड पुसण्याचं निमित्त करून ती गंजामागे गेली.

तिच्या हातच्या अशा चार पंगती झाल्या. बाबा चारही वेळा ओळीत होते. गेल्या पावसाळ्यात आत्या गेली, दोन दिवसांच्या तापात, कोणाला काही करायला न सांगता. तिच्याशिवाय गावी जाणं मला अजून जड जातं. यंदाचा गंज माझ्याकडे आला. वाफ हुंगून मला काही कळत नाही, मी चार वेळा चव घेतली.

बायकांच्या ओळीत वाढत असताना एका घरच्या नव्या सुनेनं माझा पदर धरला. जेमतेम पंचविशीची पोर. शेजारी सासू बसलेली, म्हणून तिनं अगदी हलक्या आवाजात विचारलं, "ताई, ह्याच्यात आलू खरंच नाई ना? मले मागच्या महिन्यात शुगर निंघाली. घरी सांगतलं नाई अजून."

"नाही," मी म्हटलं. तिच्या सासूच्या ताटात एक पळी वाढली, तिच्या ताटात तेवढीच एक पळी वाढली आणि पुढे सरकले.