काठी कापायची नाही

आकाराम कोळेकर आमच्या गावच्या बिरोबाच्या काठीचा बुडखा सदतीस वर्षं धरतो आहे. वय एकाहत्तर. शाळेची पायरी चढला नाही. पंचविशीपर्यंत मेंढरांमागे फिरला, मग कवठे महांकाळच्या बाजूला वडिलांच्या चार एकर माळावर डाळिंब लावून थांबला. मी लोणंदला एका कारखान्यात एकतीस वर्षं अंगमेहनत करून गावी परतलो. तेव्हापासून जत्रेला त्याच्या मागे दोर धरतो. माणूस काय बोलतो ते मी नंतर ऐकतो, आधी किती काम करतो ते बघतो.

आत्ताची काठी आकारामने पाटणच्या डोंगरातून स्वतः निवडून आणली. चोवीस फुटांचा सरळसोट वेळू. दोन वर्षं गोठ्याच्या आढ्याला टांगून वाळवला. दर पंधरा दिवसांनी त्याची कूस बदलावी लागते. एकही पाळी चुकली नाही. त्याची बायको लीलाबाई म्हणते, "माझं दुखणं इसरला आसंल, पर येळूची कूस न्हाई."

आमच्याकडे जत्रेला उंच चौथऱ्यावरून काठी देवळाकडे आडवी करतात आणि शेंडा शिखराला टेकवतात. ज्या घरांचा नवस फिटला, त्यांचे हार शेंड्याला बांधलेले असतात. हारांच्या वजनाने काठी वाकते. काठी तुटली तर नवी आणायची, पण कापून आखूड करायची नाही. कापलेला वेळू तिरडीला लागतो, देवाला नाही.

गेल्या वर्षी जत्रा झाल्यावर देवस्थान समितीने चौथरा आणि देऊळ यांच्यामधल्या जागेवर पत्र्याचा मंडप घातला. काठी आडवी धरतात त्या उंचीपासून पत्रा अकरा फूट खाली. समितीचे अध्यक्ष उदयसिंह यांचा पुतण्या दिग्विजय सांगलीत इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो. त्याला हिशेब करायला सांगितला. यंदा हार बारा किलोंचे होणार होते. त्याने आकडा काढला. शेंडा बारा फूट खाली येणार. म्हणजे पत्रा फुटणार, आणि खाली बायकामुलं उभी असतात.

बैठकीत उदयसिंह म्हणाले, "सहा फूट कापून टाका. विषय संपला."

आकाराम मागे उकिडवा बसला होता. तो उठला.

"आवं, शेंडा बारा फूट येत न्हाई. धाच्या आतबाहीर येतो. सदतीस वर्सं माझ्या काखंत हाय ती काठी."

"आकाराम, तुझी काख बरोबर का त्याचा कॉम्प्युटर?"

लोक हसले. आकाराम हसला नाही. "वजन लावून बघा. मग करवत आणा. माझ्यादेखत करवत लावायची तर आदी मला बाजूला करावं लागंल."

दिग्विजयला ते लागलं असावं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो टेप आणि स्प्रिंगचा काटा घेऊन शाळेच्या फरशीवर आला. काठी उभी वाकवायची नाही, जमिनीवर आडवी ठेवून शेंडा बाजूला ओढायचा, असं त्याने ठरवलं. म्हणजे काठीचं स्वतःचं वजन मध्ये येत नाही. बुडखा दोन दगडी खांबांत पाचर मारून घट्ट बसवला. काठीखाली पाइपचे तुकडे टाकले, घासू नये म्हणून. हे काम त्याने स्वतः केलं, शर्ट भिजेपर्यंत. तेव्हा मी त्याला पहिल्यांदा नीट बघितलं.

"आबा, तीन किलोला किती वाकंल?" त्याने विचारलं.

"दोन फूट."

"माझा हिशेब तीन सांगतो."

मी दोर ओढला. काट्यावर तीन किलो आले. टेप लावला. तीन फुटांना जेमतेम अर्धा इंच कमी.

आकारामने टेप स्वतः हातात घेऊन पाहिला. वाचता येत नाही, पण फुटांच्या खुणा कळतात. "बराबर हाय. हितं मी चुकलो," तो म्हणाला. "आता बारा लाव, कोंडीबा."

मी पायाला टेका देऊन ओढलं. चार किलो, सात, नऊ. पुढे काठी जड होत गेली. जेवढं वजन वाढत होतं तेवढा शेंडा सरकत नव्हता. बारा किलोंना थांबलो. दिग्विजयने मोजलं, पुन्हा मोजलं. नऊ फूट दहा इंच.

"आणि ह्ये बग," आकाराम म्हणाला. "शेंडा नुसता बाजूला न्हाई ग्येला. आत आलाय."

ते कुणी मोजलंच नव्हतं. दोन फूट सात इंच शेंडा बुडख्याकडे आला होता. चौथऱ्यावर माणसांनी उभं राहायची पांढरी रेघ दिग्विजयने पूर्ण चोवीस फूट धरून मारली होती. त्या रेघेवर उभं राहिलं तर काठी शिखराला पोचलीच नसती. आकाराम दरवर्षी अडीच फूट पुढे उभा राहतो. का, ते त्याला कुणी कधी विचारलं नव्हतं.

दिग्विजय फरशीवर बसला. मग त्याने खडूने काढून दाखवलं.

"मी बीमचा हिशेब लावला. घराची तुळई थोडी वाकते, तिला तो चालतो. तीन किलोला इथंपण चालला. त्यात दुप्पट वजनाला दुप्पट वाक, आणि वजन कायम चोवीस फुटांवर. पण काठी एवढी वाकली की वजन आत येतं, त्याचा पल्ला कमी होतो, मग ते तेवढं वाकवू शकत नाही. बारीक लांब दांड्याचा हिशेब वेगळा. दांड्याचे लहान लहान तुकडे धरायचे, प्रत्येक तुकडा आधीच्यापेक्षा किती वळला ते बघत शेंड्यापर्यंत जायचं. लांबी तीच, वळण वाढत जातं. मला शिकवला होता. परीक्षेला नसतो म्हणून सोडला."

"मग आता कर की," आकाराम म्हणाला.

त्याने तिथेच लॅपटॉपवर केला. नऊ फूट साडेदहा इंच आलं.

"अर्ध्या इंचाचं काय?" आकारामने विचारलं.

"येळू बुडख्याला जाड, शेंड्याला बारीक. मी सगळीकडं सारखा धरला."

"ह्ये कबूल क्येलंस, ब्येस क्येलंस."

संध्याकाळी दोघे उदयसिंहांकडे गेले, मीही गेलो. उदयसिंहांनी मापं लिहिलेला कागद पाहिला नाही. म्हणाले, "फरशीवर काठी निजलेली होती. वर धरल्यावर तिचं स्वतःचं वजन येईल, ते कुठं गेलं? उगाच धोका नको. उद्या सकाळी कापा."

दिग्विजयने आकारामकडे पाहिलं.

"येळू जन्माचा जरा वाकडा आसतो," आकाराम म्हणाला. "त्याची फुगीर पाठ वर धरली की सोताच्या वजनानं त्यो सरळ होतो. मग उरतं फकस्त हाराचं वजन. कूस बदलत ठेवली ती त्यो बाक बिगडू नये म्हनूनच. आणि उद्या मी काठीपाशीच हाय. करवत घ्येऊन कोण येतंय बगतो."

कुणी आलं नाही. तीन दिवस आकाराम गोठ्यात काठीजवळ बसून होता. लीलाबाईने भाकरी तिथेच नेली.

जत्रेच्या दिवशी दुपारी चौथऱ्यावर आम्ही सहा जण होतो. समितीने खालचा मंडप रिकामा करून घेतला होता, एवढं त्यांनी शहाणपणाचं केलं. उदयसिंह माइकवरून म्हणाले, "रेघेच्या पुढं कुणी जायचं नाही."

आकाराम रेघ ओलांडून अडीच फूट पुढे गेला. बुडखा काखेत घेतला, काठी फिरवून पाठ वर आणली. "सोडा," म्हणाला. आम्ही दोर सोडत गेलो. काठी आडवी झाली, हार लोंबले, शेंडा खाली खाली गेला आणि शिखराच्या दगडाला टेकला. पत्र्याला लागला नाही.

रीतीप्रमाणे टेकल्याबरोबर काठी उचलायची असते. आकारामने उचलली नाही.

"दिग्विजय, टेप लाव."

"आबा, जड झाली आसंल."

"काख तुजी हाय का माजी? लाव टेप."

दिग्विजय शिडीवरून मंडपाच्या कडेला गेला. दोर ताणून धरून आमच्या खांद्यांना कळ लागली होती. आकारामच्या मानेच्या शिरा दिसत होत्या, पण हात हलत नव्हता.

"पत्र्यापासून एक फूट दोन इंच वर," दिग्विजय खालून म्हणाला.

"माइकवर सांग. अद्यक्षास्नी आईकू जाऊ दे."

त्याने शिडी उतरून काकाच्या हातातून माइक घेतला आणि आकडा सांगितला.

"आता उचला," आकाराम म्हणाला.