पर्वत पाटिया ते कामरेज, दाजींच्या मागे बसून

अमळनेरला गाडीत बसलो तेव्हा पिशवीत कळण्याचं पीठ आणि भरताची वांगी होती, आणि डोक्यात एक भाषण. भाषण दाजींसाठी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांसाठी. सुनंदाताईनं फोनवर एवढंच सांगितलं होतं, "ये आणि त्यांची मोटरसायकल बंद कर. दोनदा वाचले. तिसऱ्यांदा मला पोलिसांचाच फोन येईल."

दाजींना ऐकू येत नाही. सव्वीस वर्षं मागाच्या खडखडाटात उभं राहून दोन्ही कान गेले. आणि हा बाबा रोज सुरतच्या हायवेवर गाडी हाकतो! मी शाळामास्तर, समजावणं हा आपला धंदा. चलथाण आलं, साखर कारखान्याच्या मळीचा आंबूस वास डब्यात शिरला, तेव्हा माझं भाषण तोंडपाठ झालं होतं. उधन्याला उतरून रिक्षानं सुरतच्या पर्वत पाटियाला, ताईच्या घरी पोचलो.

दाजींनी पोंक (आपला हुरडा) आणून ठेवला होता, वर लिंबाची शेव. जेवताना मी भाषण सुरू केलं. दाजी माझ्या ओठांकडे बघून सगळं समजून घेत होते. मोटरसायकलचा विषय निघाला तसे ते ताटात बघायला लागले, आणि संपलंच की हो माझं भाषण. ज्याला ऐकायचं नसतं त्याला मान खाली घातली की पुरतं. पंचवीस वर्षांच्या मास्तरकीवर असं पाणी पडलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

भांडी घासताना ताईनं सगळं सांगितलं. आधी खातं (मागाच्या कारखान्याला इथे खातं म्हणतात) जवळच होतं, दाजी गल्लीगल्लीतून सायकलनं जायचे. मग मालकानं माग कामरेजकडे हलवले. सायकलला ते लांब पडलं आणि जुनी मोटरसायकल दारात आली. कानाचं यंत्र आणलं होतं, ते डबीत पडून आहे, त्यात नुसती खरखर येते म्हणे. चौकातून थेट बस जाते. पण बसचं नाव काढलं की दाजी उठून जातात, कारण काही सांगत नाहीत.

"उद्या मागे बसून जा, म्हणजे कळेल तुला," ताई म्हणाली. तिची पद्धत तिनं शिकवली. उजवीकडून हॉर्न आला की उजवीकडे कंबर दाबायची, डावीकडून आला की डावीकडे. रविवारी बाजाराला जाताना ती त्यांचे कान होऊन बसते. बाकीचे सहा दिवस ते एकटेच असतात.

सकाळी निघालो. साड्यांच्या गाठी लादलेले टेम्पो, रिक्षा, उलट्या बाजूनं येणारे महाभाग. मी दाजींची कंबर दाबत होतो, कधी इकडून, कधी तिकडून. हॉर्न इतके, की कुठला आपल्यासाठी तेच कळेना. दाजी मात्र निवांत. त्यांच्या लेखी रस्ता अगदी शांत होता.

वाटेतल्या एका पुलाच्या अलीकडे मागून एक टेम्पो हॉर्न दाबून धरून अंगावरच आला. ताईनं शिकवलेलं सगळं मी विसरलो आणि भीतीनं दाजींच्या खांद्यावर जोरात थाप मारली.

दाजींनी भर रस्त्यात करकचून ब्रेक दाबला.

खात्यात कुणाची हाक कुणाला ऐकू जात नाही. तिथे खांद्यावर थाप म्हणजे एकच अर्थ: धागा तुटला, माग बंद कर. सव्वीस वर्षं हा हात त्या थापेवर थांबत आला होता. मला हे नंतर कळलं. तेव्हा फक्त टायर घासल्याचा आवाज आला, डोळे मिटले, आणि उघडले तर टेम्पोचा बंपर माझ्या गुडघ्यापासून वीतभर लांब होता. टेम्पोवाला शिव्या घालत होता. दाजींना त्यातलं काही ऐकू आलं नाही. त्यांनी वळून पंजा उताणा केला आणि दोनदा फिरवला. खात्यातली खूण: काय झालं?

मग त्यांना बंपर दिसला. मग माझा गुडघा.

त्यांनी गाडी कडेला घेतली. माझा राग उफाळून आला. "बसनं का जात नाही तुम्ही?" मी त्यांच्या तोंडासमोर ओरडलो. ते एरवी मोठ्यानं बोलतात, पण या वेळी हळू बोलले, तेही अहिराणीत. "बसमा कंडक्टर इचारस, माले समजत नई. दोनदा इचारं का लोके हासतस. गाडीवर कोनी काही इचारत नई." (बसमध्ये कंडक्टर विचारतो, मला कळत नाही. दोनदा विचारलं की लोक हसतात. गाडीवर कुणी काही विचारत नाही.)

मला माझ्या भाषणाची लाज वाटली. दाजींनी गाडी पुन्हा सुरू केली नाही, घरापर्यंत ढकलत आणली.

दुसऱ्या सकाळी दाजींनी मोटरसायकलची किल्ली खिळ्याला अडकवली आणि आम्ही दोघं बसमध्ये चढलो. दाजींनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की वळ उठले. कंडक्टरनं तोंडाला रुमाल बांधलेला, म्हणजे ओठही दिसेनात. त्यानं काहीतरी विचारलं. दाजी त्या रुमालाकडेच बघत राहिले. मी तोंड उघडणार तोच दाजींनी मनगट दाबलं: तू नको. कंडक्टरनं पुन्हा विचारलं. पुढच्या बाकावरच्या दोघांनी माना वळवल्या. उतरावं आणि दाजींना घेऊन पळावं, असं मला वाटलं.

कंडक्टर जरा थांबला. दाजींच्या बाहीला चिकटलेल्या धाग्यांकडे त्यानं बघितलं, रुमाल खाली ओढला, आणि पंजा उताणा करून दोनदा फिरवला.

"कामरेज!" दाजी इतक्या मोठ्यानं म्हणाले की सगळी बस वळली. हसलं कुणीच नाही. मागून दोघांनी हात वर केले, ते त्यांच्याच खात्यातले निघाले. कंडक्टरनं स्वतःच्या डाव्या कानाला बोट लावून मान हलवली. तोही कधीतरी मागावर उभा राहिलेला होता.

त्याच संध्याकाळच्या गाडीनं मी परत निघालो. जाणं माझ्यासोबत झालं होतं, येणं त्यांना एकट्यानं करायचं होतं. किल्ली घरी खिळ्याला असली तरी मन काही थाऱ्यावर नव्हतं. भीती घातली की माणूस सवय सोडतो, असं मी वर्गात मुलांना सांगत आलोय. दाजींना तर रस्त्याची भीती नव्हतीच, त्यांना भीती होती ती प्रश्नाची. चलथाणचा वास आला, गेला. बारडोली गेलं. तेव्हा ताईचा फोन आला.

"आले," ती म्हणाली. "बसनं आले. एकटे. आणि तुला सांगू, आल्यापासून गप्पच बसत नाहीयेत."