मॉस्कोचं चर्च आणि पिस्कॅटवेचा न्हावी

अमेरिकेत पिस्कॅटवेला माझ्या विद्यापीठाजवळ एक म्हातारा रशियन न्हावी होता. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. देश सोडून त्याला चाळीस वर्षं झाली होती आणि परतीची वाट बंद होती. काही नीट ऐकायचं असलं की तो कात्री हवेत थांबवायचा.

एकदा गावाहून परतताना मी दोन दिवस मॉस्को पाहून आलो. केस कापून घेताना त्याला बागा, राजवाडे सगळं सांगितलं.

"नदीकाठचं चर्च?" त्यानं विचारलं. "माझा बाप्तिस्मा तिथला."

"पाहिलं. आता म्युझियम केलंय. तिकीट लागतं."

"आत गेल्यावर लोक टोप्या तरी काढतात?"

"नाही."

कात्री थांबली.

"मी मात्र दारातच बूट काढले," मी म्हणालो. "आमच्याकडे देवळात पायताण नेत नाहीत. राखणदार बाई खेकसली माझ्यावर!"

तो खो खो हसला. मग डोळे पुसत म्हणाला, "म्हणजे इतक्या वर्षांनी तिथं कुणीतरी देवाकडे गेलं."

घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट मी. देवाधर्मावर माझा विश्वास नाही. बूट निव्वळ सवयीनं निघाले होते. हे त्याला सांगायला तोंड उघडलं, आणि मिशी बारीक करा, एवढंच म्हणालो.