मरूनला एक, हिरव्याला दोन

टीव्हीवर बारा वर्षं मी तमिळमधून विज्ञान सांगितलं. घरी आमची तंजावरी मराठी; पुण्याकडची माणसं ती ऐकून हसतात, हसू देत. कार्यक्रम बंद झाला तेव्हा सगळ्यांना घोर लागला, आता ही बाई करणार काय? बाईनं दारासुरमला विणकरांच्या संस्थेत साड्या तपासायचं काम धरलं. कुंभकोणमहून स्कूटरनं जाते आणि छातीठोक सांगते, माझ्या नजरेतून धागा सुटत नाही.

म्हणून तर त्या दिवशी आमच्या सर्वांत जुन्या विणकराची साडी उलगडली आणि मी चाटच पडले. मरून काठ हातभर नीट, पुढे चक्क हिरवा! गेल्याच आठवड्यात त्यांची एक साडी अशीच निघाली होती. दुसरी चूक वहीत चढली की संस्था माग परत घेते. साठी उलटलेल्या माणसाला दुसरा माग कोण देणार? आणि वही माझ्याच हातात.

चांगलं फैलावर घ्यायचं म्हणून तडक त्यांच्या घरी गेले. बायको पंधरा दिवस लेकीच्या बाळंतपणाला तिरुविडैमरुदूरला गेलेली, हे एकटेच मागावर. शेजारी रेशमाच्या कांड्या. जुन्या कांड्यांना दोऱ्याच्या गाठी होत्या, मरूनला एक, हिरव्याला दोन. नव्या कांड्यांना गाठच नाही. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. रंगांधळेपणावर मी अख्खा भाग केला होता, ठिपक्यांत लपलेला आकडा दाखवून. आता समजावून सांगायला तोंड उघडणार, तोच ते खालच्या आवाजात बोलले.

"अम्मा, मला तुमच्याच कार्यक्रमात कळलं. बायकोला आकडा दिसला, मला नाही. मग तुम्ही म्हणालात, अशा माणसानं रंगाच्या कामाला हात लावू नये. तेव्हापासून ती गाठी मारून देते."

म्हटलं होतं मी तसं. चांगलं हसत, ठसक्यात म्हटलं होतं. आणि हा माणूस ते ऐकून दुसऱ्या दिवशी पुन्हा मागावर बसला होता. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

जन्मभर लोकांना समजावत आले, त्या दुपारी दोरा हातात घेतला. पदर खोचला, त्यांच्याशेजारी मांडी घातली आणि सगळ्या नव्या कांड्यांना गाठी मारल्या.

संस्थेत परत येऊन वही उघडली. साडी नापास, असं स्वच्छ लिहिलं. 'चूक कोणाची' या रकान्यात माझं नाव घातलं.