फळा बरोबर होता

वल्लरी संध्याकाळी अथर्वशीर्ष म्हणायला बसली खरी, पण तिसऱ्यांदा त्याच ओळीशी अडखळली. संकष्टीचा उपास, पोटात चहाखेरीज काही नाही, आणि डोळ्यांपुढे खडकवासल्याजवळच्या शाळेतला पुसलेला फळा.

"देवाला घाई नाहीये," सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "तुलाच दिसतेय."

ती कोथरूडच्या एका छोट्या संस्थेत काम करते. खेड्यांतल्या शाळांसाठी ते लिनक्स या मोफत प्रणालीवर बेतलेली संगणकप्रणाली तयार करतात. त्यात शेल नावाचा एक दुभाषा असतो. काळ्या पडद्यावर माणसानं लिहिलेला हुकूम तो संगणकाला समजावतो. असे दुभाषे पुष्कळ, पण आपोआप पुढे कोणी यायचं हे आधी ठरवून द्यावं लागतं. शाळा तो कधी बदलत नाहीत. बदलता येतो हेच कुणाच्या गावी नसतं. आजवर बॅश नावाचा दुभाषा पुढे असायचा. वल्लरीनं फिश नावाच्या दुसऱ्या दुभाष्याचा हट्ट धरला. रंगीत, अर्धा शब्द लिहिला की पुढचं सुचवणारा, मुलांना सोपा. लांबलचक हुकूम त्यात वेगळ्या तऱ्हेनं लिहावे लागतात, अशी शंका कुणीतरी काढली, तर म्हणाली, एवढं कोण लिहितंय शाळेत!

लिहीत होते रावसाहेब पायगुडे. खडकवासल्याजवळच्या त्या शाळेतले गणिताचे मास्तर, संगणक स्वतःच शिकलेले. आज वल्लरी तिथल्या संगणकांवर चाचणीसाठी नवी प्रणाली घालून बसली, तेव्हा त्यांनी दरवर्षीप्रमाणे फळ्यावर धडा लिहिला: सहलीच्या सगळ्या फोटोंची नावं एका दमात बदलायची. मुलांनी वहीत उतरवून तेच टाइप केलं. एकेका पडद्यावर लाल अक्षरं. सरांनी चष्मा पुसून फळ्यावरचा शब्द न् शब्द तपासला. मग शांतपणे म्हणाले, "माझंच काहीतरी चुकलंय. खोडा रे वहीतलं." आणि डस्टर उचललं.

चूक फळ्याची नव्हती, दुभाषा बदलला होता. हे सांगणं एका वाक्याचं काम. पण शेजारी मुख्याध्यापक नव्या प्रणालीचं कौतुक करत उभे होते, आणि वल्लरी नुसती हसली. सिंहगड रोडच्या गर्दीत स्कूटर रेटताना ते हसू तिला सलत राहिलं. घरी दूध उतू गेलं, वातीविना निरांजन ताटात मांडलं गेलं. उद्या सकाळी सगळ्या शाळांसाठी नव्या प्रणालीच्या प्रती निघणार होत्या.

पोथी मिटून तिनं संस्थेचे प्रमुख माधवराव यांना फोन लावला. बॅशच पुढे ठेवू या, फिश आत असू दे, ज्याला हवा त्यानं घ्यावा, असं एका दमात सांगून टाकलं.

"छान. मग मीटिंगमध्ये तासभर बोलत होती ती कोण? तुझी जुळी बहीण?"

"मीच होते. चुकले."

बदल आत्ताच करून पाठव, एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

तिनं बदल केला, पाठवला. तरी स्वस्थता नाही. शेवटी पायगुडे सरांचा नंबर फिरवला आणि घडलं ते सगळं सांगितलं, हसल्याचंसुद्धा.

सर म्हणाले, "मला कळलं, बाई. पण मुलांनी खोडलंय ना. त्यांना मी सांगून पटणार नाही, म्हणतील सर स्वतःची बाजू घेतायत. उद्या पहिल्या तासाला तुम्ही या."

"येते," वल्लरी म्हणाली, आणि सासूबाईंना सांगायला आत गेली, उद्याचा डबा लवकर लागेल म्हणून.